पीटरची सव्वा मूठ

बापू गेल्याचा निरोप मला खापरच्या आठवडेबाजारात मिळाला. आम्ही शिंपी. बाजाराच्या दिवशी माझं मशीन लिंबाखाली मांडलेलं असतं आणि डोंगरातून उतरलेली माणसं कापड घेऊन समोर बसलेली असतात. नंदुरबारची मोटर आली, ड्रायव्हर खाली उतरला आणि म्हणाला, "नाना, मशीन आवर. बापू गया." मी हातातली शिवण पुरी केली. रडू आलं ते नंतर, मोटर अक्कलकुवा सोडून पुढे गेल्यावर. आधी मनात आलं ते वेगळंच... बघा, यातही गडी माझ्या पुढेच!

बापू माझा चुलतभाऊ. तो रांगत होता तेव्हाच त्याचे वडील वारले, म्हणून काकू आणि तो आमच्याच घरात, आमच्याच चुलीवर. वयाने तो माझ्याहून थोडासा मोठा, पण त्या थोडक्यातच त्याने सगळं आधी पटकावलं. आमच्या आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, कात्री पहिल्यांदा त्याच्या हातात दिली. त्याची काजं बघून गिऱ्हाइकं अहिराणीत वाखाणायची, "हात शे पोऱ्याना!" मी शेजारी बसून बटणं लावायचो. सख्ख्या बापाने पुतण्याचं कौतुक करावं आणि आपण सुईत दोरा ओवत ते ऐकावं, याच्यासारखं पोटदुखीला दुसरं कारण नाही.

आणि तरी मला तोच हवा असायचा. प्रकाशा गावच्या जत्रेला जाताना हवा, तापीत पोहायला हवा. तो मात्र कामातून मान वर करायचा नाही. मिठाच्या सत्याग्रहात मी निघालो तेव्हा म्हटलं, "चाल ना बापू, दोन्ही भाऊ जाऊत." तो म्हणाला, "तू जाय. लगनसराई शे, मशीन कोन चालाडी?" मी एकटा गेलो आणि धुळ्याच्या तुरुंगात राहून आलो. नंदुरबारच्या स्टेशनावर लोकांनी हार घातला. घरी येऊन पाहतो तर बापू मुंबईला गेलेला! माझा हार बघायलासुद्धा थांबला नाही.

मुंबईहून तो बोटीवर कामाला लागला आणि लंडनला उतरून तिथल्या एका शिंप्याच्या दुकानात राहिला. मग एक दिवस कार्ड आलं, की स्पेनमध्ये लढाई चालली आहे, तिकडे निघालो, काळजी करू नये. शाळामास्तरांनी नकाशात बोट ठेवून स्पेन दाखवलं. समोरच्या पेढीवरचे मारवाडी शेठ कपाळाला हात लावून म्हणाले, "अरे, ह्या पोराचं काय त्या देशात? लष्कराच्या भाकऱ्या भाजायला सातासमुद्रापार गेला काय?" पण त्याच शेठनी संध्याकाळी पेढीवर आलेल्या प्रत्येकाला ही बातमी सांगितली. माझ्या तुरुंगाची गोष्ट त्यांनी कधी कुणाला सांगितली नव्हती. त्यानंतर पत्र नाही, निरोप नाही.

आमच्याकडे श्रावणात कानबाई बसते. खानदेशाबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. भाऊबंदकीतल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू घ्यायचे, एकत्र दळायचे आणि त्याचे रोट करायचे. ते रोट फक्त भाऊबंदांनीच खायचे, परक्याला कणभरही द्यायचा नाही. आणि मूठ घ्यायची ती जित्या माणसाची. बापूची खबर नव्हती तेव्हा आप्पा सुपापाशी अडखळले. काकू म्हणाली, "मन्हा पोऱ्यानी मूठ पयले भरा." आप्पांनी भरली. पहिली त्याची, मग माझी. तो कुठल्या खंदकात होता कोण जाणे, आणि इथे सुपासमोर बसलेला मी दुसरा!

तो परत आला तेव्हा उजव्या हाताची दोन बोटं नव्हती. कात्री धरता येईना. आता तरी गिऱ्हाईक माझ्याकडे बघेल असं वाटलं होतं, पण छे! लोक दुकानात यायचे ते त्याच्यासमोर बसायला. शेठ घरचा चहा पाठवायचे. मी मशीन चालवायचो आणि हा डोंगरातली थंडी, विमानं, वेगवेगळ्या मुलखांतून आलेली पोरं यांबद्दल सांगायचा. एकदा शेठनी स्पष्टच विचारलं की त्या लोकांसाठी लढायला गेलास तरी का? मला वाटलं, आता काहीतरी भारी ऐकायला मिळणार. बापू म्हणाला, "खरं सांगू का शेठजी? लढाईनं माले काय समजे! पीटर जाई ऱ्हायना व्हता, मंग मी बी गऊ."

माझ्या हातातलं कापड वाकडं शिवलं गेलं. पीटर म्हणजे लंडनमध्ये त्याच्या खोलीत राहणारा आयर्लंडचा पोरगा. हमाली करायचा. त्याने चल म्हटलं आणि आमचा बापू मरायला निघाला. मी तर नुसतं धुळ्याला चल म्हटलं होतं!

त्या श्रावणात आप्पांनी बापूच्या नावाची मूठ भरली. तेवढ्यात बापूने स्वतःच गव्हात हात घातला. त्याच्या तीन बोटांच्या मुठीतून गहू गळत होते.

"हाई कोना नावनी?" आप्पांनी विचारलं.

"पीटरनी. मन्हा भाऊ शे तो."

काकूला वाटलं नवापूरकडचा कोणी ख्रिस्ती पोऱ्या असेल. तिने विचारलं, "नवापूरना शे का रे?" गोरा आहे म्हटल्यावर मात्र घरात गलका झाला. स्वराज्यासाठी तुरुंगात जाऊन आलेला मी, आणि आमच्या कानबाईच्या रोटात गोऱ्याची मूठ! मी सगळ्यांत मोठ्याने ओरडलो. बापू शांतपणे म्हणाला, "त्याना देश बी इंग्रजेसनी दाबी धरेल शे." आप्पांनी दुसरंच विचारलं, "जित्ता शे का तो?"

बापू म्हणाला, "नदी उतरताना मन्हा संगे व्हता. काठवर उनू तं नही. सापडना नही... त्यानी माय वाट दखी ऱ्हायनी."

बापू काठाला लागला तेव्हा पीटर नव्हता, आणि तो मेल्याचीही खूण नव्हती. काकू उठली, बापूच्या हातातून गळालेले गहू तिने वेचले आणि सुपात टाकले. "ली ल्या," एवढंच म्हणाली. तिच्यापुढे बोलायची छाती आप्पांना नव्हती. तेव्हापासून दरवर्षी आमच्या घरात पीटर होता.

पुढे आप्पा गेले, काकू गेली. बापूचं लग्न झालं. तिकडच्या थंडीने धरलेली त्याची छाती कधी सुधारली नाही. एका दुपारी दुकानात कोणी नसताना मी सत्याग्रहाचं शेवटी विचारलंच, "मन्हा संगे का नही उना तू तवय?" त्याने माझ्याकडे नवलाने पाहिलं. "तुले कोठे गरज व्हती मन्ही?" म्हणाला आणि हसला. मला गरज होती. मी मशीनला तेल घालत बसलो.

आषाढात तो गेला. सुतक फिटलं, श्रावण लागला आणि आता घरातला मोठा म्हणून सुपासमोर मी बसलो. रोट चुकवायचे नसतात. बापूची मूठ यंदा नाही, हे सगळ्यांना ठाऊक होतं. माझी घेतली, पोरांच्या घेतल्या. मग वहिनी दाराआडून म्हणाली, "आनी पीटर भाऊजीनी?"

भाऊजी! मला म्हणते ना, अगदी तसंच. माझा हात सुपावर थांबला. इतकी वर्षं सोसलं, आता बास, असं वाटलं. ज्याने हे नातं लावलं तोच गेला, मग मूठ कशाला? नाही घेतली की झालं, तोही गेलेल्यांत जमा. कोणी मला बोल लावला नसता.

आणि मग माझ्या ध्यानात आलं. गेलेल्यांत जमा म्हणजे बापूपाशी! तिकडे नदीकाठी दोघं पुन्हा एकत्र, आणि मी इथे मशीनवर... एकटा.

मी गव्हात हात घातला आणि पीटरची मूठ भरली. सव्वा मूठ, चांगली दाबून. बापूच्या मागोमाग जायचं नाही, बाबा. आता तू माझ्याजवळ राहायचंस.