हंग्री हिल आणि इतर पत्ते

हातात नकाशा आणि थर्मास घेऊन कुणाच्याही कुंपणापाशी उभं राहा, किस्सा आपणहून चालत येतो! इंग्लंडात बेसिंगस्टोकजवळच्या आमच्या जुन्या पॅरिशमधल्या, म्हणजे गावातल्या शेतांची, वाटांची, खाणाखुणांची नावं, ती सांगणारी माणसं आहेत तोवर नोंदवायची असं ठरलं. टीममध्ये तिघी: निवृत्त शिक्षिका मार्गारेट, आयटीतली मी आणि "घरी बसून काय करू?" म्हणत आलेल्या माझ्या सासूबाई.

*

पहिल्याच दारात एका आजोबांनी माझ्या गळ्यातलं आयडी कार्ड पाहिलं. "आलात एकदाच्या! इंटरनेट कधीचं बंद आहे!"

मी गुपचूप राउटर रीस्टार्ट करून दिला. आजोबा इतके खूश, की त्यांनी अख्ख्या नदीकाठची नावं घडाघडा सांगितली.

मार्गारेट म्हणाली, "उद्यापासून प्रत्येक घरी आधी राउटर!"

*

टेड आणि रॉन सख्खे भाऊ. शेजारी राहतात, पण बोलणं वर्षानुवर्षं बंद. मधल्या शेताचं नाव टेड सांगे 'लाँग क्लोज', तर रॉन सांगे 'मदर्स पीस', म्हणजे आईचा तुकडा. मार्गारेटने दोघांना एकाच वेळी फाटकापाशी बोलावलं. अशी जुंपली म्हणता!

मग रॉन एकदम थांबला. "आई इथेच जेवण घेऊन यायची. आठवतं?"

टेड खाली बघत म्हणाला, "तुझं सँडविचही मीच खायचो."

नकाशावर 'मदर्स पीस' लागलं. दोघे एकाच गाडीतून पबला गेले!

*

नव्या वसाहतीसाठी बिल्डरला नाव हवं होतं 'रॉयल मेडोज', म्हणजे शाही कुरणं. आम्हाला हवं होतं त्या जागेचं जुनं नाव, 'हंग्री हिल'. मीटिंगला हॉल खचाखच भरलेला.

"भुकेल्या टेकडीवर घर कोण घेणार?" बिल्डरचा माणूस म्हणाला.

मार्गारेट उठली. "तिथे राजा कधी फिरकला नाही, आणि कुरण तुम्हीच खणून काढलंत!"

ठराव एकमताने पास. आणि पहिलं घर कुणी बुक केलं? गावातल्या बेकरीवाल्याने!

*

गावापासून सगळ्यात लांब एक शेत आहे. तिथवर चालून पाय मोडतात, म्हणून जुन्या लोकांनी त्याचं नाव ठेवलं 'ईजिप्त'. थंडीत, अंधार पडायच्या सुमारास सासूबाईंना मार्गारेटचा फोन आला.

"मार्गारेट ईजिप्तमध्ये घसरून पडलीये," त्या शाल उचलत म्हणाल्या. "डोकं आपटलंय, उठता येत नाहीये. चल!"

तिथे ना रस्त्याला नाव, ना पोस्टकोड. मी अँब्युलन्स बोलावली, तिला चौकात गाठलं आणि माझ्या गाडीमागून शेतापर्यंत आणलं. मार्गारेट गारठलेली, पण शुद्धीवर होती. माझ्या जिवात जीव आला.

पॅरामेडिकने तिच्या डोळ्यांत टॉर्च मारून हळूच विचारलं, "मार्गारेट, आत्ता आपण कुठे आहोत?"

"ईजिप्तमध्ये!" ती ठणकावून म्हणाली.

त्याचा चेहरा उतरला. त्याने माझ्याकडे पाहिलं.

"बरोबर आहे," मी म्हटलं.

सासूबाईंनी आपली शाल मार्गारेटभोवती घट्ट खोचली. "अहो, आम्ही तिघीही ईजिप्तमध्येच आहोत. तुम्ही स्ट्रेचर आणा!"