भिवरामावशीचा थोरला

भिवरामावशीला कुस्ती कळते की नाही, हे मला अजून कळलेलं नाही. खरं सांगायचं तर त्या वर्षातलं मला काहीच नीट कळलेलं नाही. पण गुंता तिनंच केला, म्हणून सुरुवात तिच्यापासून.

दोन हजार तेराचा दुष्काळ. नांदूरघाटच्या अलीकडं माळावर आमच्या दूध सोसायटीची चारा छावणी होती. मी तिथला कारकून, बंकट. चारा तोलून द्यायचा, टँकर आला की हौदाकडं वळवायचा आणि भांडणं सोडवायची, ही माझी कामं. भांडणं सोडवण्यात माझा स्वभाव आड यायचा. मी मध्ये पडलो की दोघांचं भांडण तिघांचं व्हायचं.

मावशी साठीची. उभा जन्म उसाच्या फडात गेलेला, नवरा वारलेला, एकुलती लेक युसूफ वडगावला दिलेली. जवळ एकच बैल, भुऱ्या. दुसरा बैल दिराचा. दोघांचे बैल मिळून एक गाडी व्हायची आणि त्या गाडीवर दरवर्षी ऊसतोडीचा हंगाम निघायचा. भुऱ्या जगला तर मावशी गाडीवाली. नाही तर साठीत दुसऱ्याच्या टोळीत जाऊन मोळ्या डोक्यावर वाहायच्या. हे ती बोलून दाखवायची नाही, पण तिची बाज भुऱ्याच्या दावणीला खेटून असायची.

चेअरमन सुंदररावांनी चाऱ्याच्या शेडमध्ये टीव्ही लावून दिला होता, बातम्यांसाठी म्हणून. दुष्काळ पडलाय हे कळायला आम्हाला बातम्या कशाला पाहिजेत? लोकांनी लावली परदेशी कुस्ती. आठवड्यातून एकदा संध्याकाळी वीज असली की सगळी छावणी शेडमध्ये. चमकणाऱ्या चड्ड्या, धूर, गाणी आणि खुर्च्यांनी हाणामारी. मी जत्रेतली कुस्ती बघत वाढलेला माणूस. मला त्या सोंगाचा मनापासून राग यायचा, तरी मी दर आठवड्याला जाऊन बसायचो. का, ते विचारू नका.

मावशी सगळ्यांच्या पुढं. तिचा पैलवान म्हणजे एक टकला, वय झालेला, पोट सुटलेला गडी. त्याचं इंग्रजी नाव तिच्या जिभेवर बसेना, म्हणून ती त्याला थोरला म्हणायची. त्याच्यासमोरचा लांब केसांचा तो झिपऱ्या. थोरला दर खेपेला मार खायचा आणि ही दर खेपेला गुडघ्यावर उभी राहून ओरडायची, "आरं ऊठ की मुडद्या! मागं बघ, मागं!" बाहेर दावणीला जनावरं कान टवकारायची.

गप्प बसायची ती फक्त जावई आला की. धर्मराज तिचा जावई, वडगावात मोबाईलचं दुकान चालवायचा. तो शेडमध्ये शिरला की मावशी डोईवर पदर ओढून मागच्या खांबाला जाऊन बसायची. जावयापुढं सासूनं आवाज चढवायचा नाही, त्याच्याशी थेट बोलायचंसुद्धा नाही, ही तिच्या घरची रीत. पदराआड ओठ मात्र हलत राहायचे.

एका संध्याकाळी कुस्ती रंगात आली आणि धर्मराज मोबाईलमधून डोकं वर न काढता म्हणाला, "थोरला हरणार हाय. तिकडं अमेरिकेत ही कुस्ती कवाच होऊन गेली. आन तसं बी समदं ठरलेलं असतंय. आतल्या खोलीत बसून ठरवतेत, कुणी पडायचं आन कुणी उठायचं."

शेड एकदम थंड झालं. थोरला सांगितल्याबरहुकूम पडला. दोघंतिघं उठून गेले. एक जण म्हणाला, "सांगायची काय गरज होती बे?" मला मात्र बरं वाटलं. म्हटलं, गेलं एकदाचं हे खूळ.

धर्मराजची मोटारसायकल लांब जाईपर्यंत मावशी थांबली आणि मग माझ्याकडं आली.

"बंकटा, म्हंजी थोरला हरत न्हाई, त्याला हरवतेत?"

"व्हय मावशी. नाटक असतंय."

"आन पाठ आपटली ती?"

"ती आपटती खरी."

"मग नाटक कशाचं रे? ठरवणारा दुसरा, पाठ थोरल्याचीच की." आणि लगेच म्हणाली, "कोण हाय त्यो खोलीतला? अक्कल हाय का त्याला?"

मला वाटलं होतं, आता हिचा उत्साह मावळेल. पुढच्या आठवड्यात ती दुप्पट ओरडली, पण झिपऱ्यावर नाही. "आरं खोलीतल्या, एकडाव जिंकू दे की त्याला!" हळूहळू इतर बायकाही त्या न दिसणाऱ्या माणसाला शिव्या घालायला लागल्या. कुस्ती खोटी आहे हे कळल्यावर त्यांना जास्त मजा यायला लागली होती, आणि मला याचा हिशेबच लागेना.

धर्मराज परत आला तेव्हा तिनं खांबाआडून मला फर्मावलं, "जावायांना इचार, त्यो खोलीतला कुणाचं ऐकतो का?" जावई चार हातांवर बसलेला. त्यानं सगळं ऐकलेलं. तरी मी विचारलं आणि त्यानं मलाच उत्तर दिलं, "मामींना सांगा, लोक लई वरडले तर निकाल बदलतेत म्हणं." पदर वर-खाली हलला. म्हणजे समजलं.

त्यानंतर थोड्याच दिवसांत चेअरमननी मला बाजूला बोलावलं. "बंकट, चाऱ्याला बाहेरून ऊस मिळंना. उद्याच्या बैठकीत छावणी बंद करायची, ठरलंय. कुणापाशी बोलू नको."

आमच्या सोसायटीत ठराव बैठकीच्या आधी होतात, बैठकीत फक्त हात वर होतात. चेअरमनसुद्धा असेच निवडले जातात. हे सगळ्यांना ठाऊक असतं आणि तरी सगळे बघायला येतात. इतकी वर्षं मला यात काही वावगं वाटलं नव्हतं. त्या दिवशी पहिल्यांदा डोक्यात किडा वळवळला.

मला काही राहवलं नाही. सरळ मावशीकडं गेलो. "उद्या बंद हुणार, मावशी. ठरलंय. भुऱ्याचं काय ते बघ."

ती मटकन बाजेवर बसली. एक हात भुऱ्याच्या मानेवर ठेवला. मला फार वाईट वाटलं. मग तिनं विचारलं, "कुणी ठरवलं?"

"वरच्यांनी."

"खोलीत बसून?"

"व्हय."

"मग वरडाया पायजे."

"मावशी, ती टीव्हीवरची गोष्ट हाय!"

"मग बरंच झालं की. हितं तर खोली बी जवळ हाय."

हिला समजवायचं तरी कसं? तरी मावशीनं लेकीला निरोप धाडला, टेम्पो पाठव म्हणून. ओरडण्यावर मावशीचा पक्का भरवसा असा नव्हताच, कारण दुसऱ्या दिवशी धर्मराज आला तो टेम्पो घेऊन. छावणी उठलीच तर भुऱ्याला बाजारात न्यायला.

बैठक शेडमध्येच भरली. सुंदरराव बोलायला उभे राहिले. दुष्काळ, अडचणी, नाइलाज, असं करत करत ते ठरावापर्यंत आले आणि मावशी उठली. तिच्यासमोर जावई उभा होता. पदर कधीच खांद्यावर उतरला होता, तिनं तो वर घेतला नाही.

"सुंदरराव, किती येळा पाडता आमाला? एकडाव उठू द्या की!"

मग बायकांनी जो कल्ला केला, तो विचारू नका. मावशी सगळ्यांच्या वरच्या पट्टीत. ओरडता ओरडता तिचा आवाज फाटला, चिरकला, शेवटी नुसतं तोंड हलायला लागलं. धर्मराज मान खाली घालून उभा होता. सुंदररावांनी पाणी प्यायलं, सगळ्यांकडं बघितलं आणि म्हणाले, "लोकांची भावना बघता छावणी पाऊस पडंस्तोवर चालू ऱ्हाईल."

टाळ्या पडल्या. बायकांनी मावशीला मिठ्या मारल्या. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि माझ्याही, हे कबूल करतो. तिच्या अख्ख्या आयुष्यात कुणी तिचं ऐकून काही बदललं असेल, असं मला वाटत नाही.

तिथंच थांबलो असतो तर बरं झालं असतं. संध्याकाळी उसाचा ट्रक आला. उतरवून घेताना मी एक ऊस हातात घेतला. तोडलेली टोकं वाळलेली होती. ऊस येणार नदीकाठच्या पट्ट्यातून, लांबून. तोडून, मोळ्या बांधून, भरून इथवर यायचा, तर तो बैठकीच्या आधीच तोडलेला. म्हणजे छावणी चालू ठेवायचं आधीच ठरलं होतं? मग मला बंदचं कशाला सांगितलं? माझ्या पोटात काही टिकत नाही हे छावणीतल्या शेळ्यांनासुद्धा माहीत होतं. सुंदररावांना माहीत नसेल? का त्यांनी ऊस दुसऱ्या कशासाठी मागवला होता आणि मावशीमुळं तो इकडं वळवला? त्यांना विचारायची माझी छाती नव्हती. मी त्या ट्रकभोवती येड्यासारख्या फेऱ्या मारल्या.

आणि जाऊन मावशीला सांगून टाकलं. सांगायची काय गरज होती? काहीच नाही.

ती भुऱ्याला त्याच उसाची कांडी भरवत होती. सगळं ऐकून घेतलं. मग आतल्या आत, वाऱ्यासारख्या आवाजात म्हणाली, "कावून सांगितलंस रे?"

मी खाली पडलेली एक कांडी उचलून भुऱ्यापुढं धरली.

"म्हंजी म्या वरडले ते बी ठरलेलं?"

"ठाऊक न्हाई मावशी. खरंच ठाऊक न्हाई."

तिनं गळ्यावरून हात फिरवला. "गळा तर माझाच बसलाय," एवढं म्हणाली आणि भुऱ्याकडं तोंड फिरवलं. मला स्वतःची शरम वाटली.

कुस्तीच्या संध्याकाळी ती येणार नाही असं मला वाटलं होतं. आली. धर्मराजही आला. ती खांबाकडं निघाली, तर तोच सरकला आणि पहिल्यांदा तिच्याशी थेट बोलला, "मामी, पुढं बसा." ती बसली. मी तिच्या शेजारी. येताना दारात मी धर्मराजला निकाल विचारून घेतला होता, कारण मला आधी कळल्याशिवाय चैन पडत नाही. थोरला हरणार होता.

झिपऱ्यानं त्याला आपटलं. मावशी गुडघ्यावर उठली, तोंड उघडलं, आवाज काही निघेना. पुन्हा प्रयत्न केला. नुसती हवा. तिनं माझ्या बरगडीत कोपर हाणलं आणि ओठांनीच म्हणाली, वरड की.

थोरला उठणार नाही हे त्या शेडमध्ये मला आणि धर्मराजलाच माहीत होतं. मी उभा राहिलो आणि छाती फुटेस्तोवर ओरडलो, "आरं ऊठ की! ऊठ!"

तो उठला नाही. दुसऱ्या दिवशी चारा तोलताना माझ्याही तोंडातून शब्द निघत नव्हता. मावशी हसत होती, आणि मी तिला खुणेनंच विचारत होतो, ह्यात हसण्यासारखं काय आहे?