फुप्फुसातल्या दोन गाठी आणि खरं बोलणारी बाई

आतड्यातली गाठ काढून दीड वर्ष झालं होतं. छातीच्या फोटोत पुन्हा काहीतरी दिसलं, तेव्हा मुंबईच्या इस्पितळातल्या डॉक्टरांनी मला बाहेर बसवलं आणि थोरल्या भावाला आत बोलावलं. यजमान गेल्यापासून मी डोंबिवलीला दादाकडेच राहत होते, मुलींच्या शाळेत गणित शिकवत होते. तरी माझ्या छातीतलं मला सांगायचं नाही! दादा बाहेर आला तो हसतच. "कफ साठलाय गं थोडा. आता कापाकापी नको. घरी बसून नामस्मरण कर." आणि तो औषध आणायला गेला.

मला त्याचा राग आला, डॉक्टरांचा आला आणि सर्वांत जास्त दत्तमहाराजांचा. इतकी वर्षं पूजा केली ती यासाठी?

दाराला लागून एक आगरी बाई बसली होती, दिवा गावाकडची. नवऱ्याला शेजारच्या खोलीत तपासत होते. ती हळूच म्हणाली, "बाय, तुझा भाऊस खोटा बोलतो. तुझ्या फुप्फुसान दोन गाठी हायेत. कापून निघतीन, पन खात्री नाय, असा डाक्टर बोलला. माझ्या दादल्याला कोनी वेळेवर सांगला नाय. आता उशीर झाला."

मी उठले आणि तशीच आत शिरले. "श्वास माझा आहे. मला न विचारता कोणी काही ठरवायचं नाही."

डॉक्टर ओशाळले. त्यांनी खुर्ची दिली, फोटो उजेडाकडे धरून दोन्ही डाग दाखवले, धोकाही लपवला नाही. संमतीच्या कागदावर मी स्वतः सही केली. औषध घेऊन परतलेला दादा रडला. "तुला घाबरवायचं नव्हतं गं." त्या दिवशी मी त्याला क्षमा केली नाही.

शस्त्रक्रियेच्या सकाळी दत्तमहाराजांना म्हटलं, "माझा राग गेलेला नाही. पण आता हे शरीर तुमच्या ओटीत." बरगड्यांतून नळी घातलेली, खोकला आला की जीव जाई. तरी गाठी निघाल्या. आज तीन वर्षं झाली. जिना चढताना दम लागतो, पण वर्गात उभी राहते.

त्या बाईचं नाव विचारायचं राहून गेलं. पुढे दिव्याला दोनदा जाऊन आले, शोध लागला नाही. देवाने तिला पाठवलं का, मला ठाऊक नाही; हात मात्र तिच्यासाठीच जोडते. शरण जाणं म्हणजे तोंड मिटून बसणं, असं मला लहानपणापासून शिकवलं होतं. ते शिकवणाऱ्यांचा मला अजून राग येतो. खरं काय ते कळल्यावरच मला दत्तमहाराजांच्या पायांवर डोकं ठेवता आलं.