लग्न झालेल्या नकोत

कोथरूडच्या एका महिला प्रशिक्षण संस्थेत मी इलेक्ट्रॉनिक्स शिकवायचे. शहराच्या कडेने परदेशी कंपन्या भराभर उघडत होत्या आणि आमचे प्राचार्य त्यांच्याकडे खेटे घालत होते. शेवटी एक कंपनी तयार झाली. काय शिकवायचं ते तिने सांगायचं, आम्ही तसं शिकवायचं, आणि पास झालेल्यांना तिने कामावर घ्यायचं. मी अख्खा अभ्यासक्रम बदलला. जेवणाच्या सुट्टीतही बायका सोल्डरिंग करत बसायच्या.

मुलाखती आमच्याच वर्गात झाल्या. कंपनीचा अधिकारी तिशीतला. त्याने एकीचंही काम पाहिलं नाही. "लग्न झालंय? मुलं? पुढे विचार आहे?" बस, एवढंच.

वर्गात सगळ्यांत सफाईदार हात यवतमाळकडच्या एका बाईचा. नवऱ्याच्या नोकरीपायी पुण्यात आलेली. ती म्हणाली, "एक मुलगी आहे सर. सासूबाई सांभाळतात."

"कळवू," म्हणत त्याने तिचं नाव खोडलं. तिच्या डोळ्यांदेखत.

"अहो, तिचं काम तरी बघा," मी म्हणाले.

"मॅडम, मॅरीड लेडीज टिकत नाहीत. पॉलिसी आहे."

"आपलं लग्न झालंय?"

"हो. का?"

"मुलं?"

"एक मुलगा."

"मग आपण कसे टिकलात?"

तो हसला. त्या हसण्याने माझं डोकंच फिरलं. "उठा," मी म्हणाले. "मुलाखती संपल्या."

प्राचार्य माझ्यावर भडकले. "बाई, मी चपला झिजवल्या आणि तुम्ही त्यांना हाकलून दिलंत! निदान बाकीच्यांचं तरी भलं झालं असतं."

"आणि हिचं?"

त्याच दुपारी त्यांनी कंपनीला फोन करून माफी मागितली, माझ्या वतीने, मला न विचारता. लग्न न झालेल्या मुली रुजू झाल्या. पेढे द्यायला आल्या तेव्हा मान वर करत नव्हत्या. त्यांच्यावर कसला राग धरणार?

यवतमाळच्या बाईला घेऊन मी बिबवेवाडीतली छोटी वर्कशॉप पालथी घातली. स्टॅबिलायझर बनवणाऱ्या एकाने तिच्या हातात बोर्ड दिला, जोडणी पाहिली आणि म्हणाला, "सोमवारपासून या." पगार कंपनीपेक्षा कमी. ती खूश होती. माझी आग काही शांत झाली नाही.

कंपनीबरोबरचा करार चालूच राहिला, मुलाखतींना मला बोलावणं तेवढं बंद झालं. पुढच्या वर्षी प्रवेशाला आलेल्या प्रत्येक बाईला मी दारातच सांगितलं, "ही कंपनी लग्न झालेल्यांना घेत नाही."

प्राचार्य धावत आले. "हे सांगायची काय गरज आहे?"

"खोटं आहे का?" मी विचारलं, आणि पुढच्या बाईकडे वळले.