झुबक्याचं पांघरूण

डोरीन फोपमा आमच्या वाचनालयात छोट्यांचा विभाग सांभाळते, आणि मी, आर्डिस, फाटकी पुस्तकं दुरुस्त करते. म्हणजे ती देणार, पोरं फाडणार, मी चिकटवणार. कौतुक सगळं तिचं, डिंक माझ्या बोटांना! सव्वीस वर्षं हेच चाललंय आणि सव्वीस वर्षं मी तिच्याशी भांडतेय. पण तिच्याबद्दल दुसऱ्या कुणी वाकडा शब्द काढून बघावा, मग आहेच मी.

सप्टेंबर सरत आला की या बाईच्या अंगात येतं. तळघरातून हॅलोवीनच्या पुस्तकांची सहा खोकी वर येतात. भुतं, चेटकिणी, सांगाडे, बोलणारे भोपळे. डोरीन एकेक पुस्तक घेऊन कोपऱ्यात उभी राहते आणि मोठ्याने वाचते, अगदी आवाज काढून. वाचून झालं की पुस्तकाच्या पाठीवर भोपळ्याचे स्टिकर लावते. एक भोपळा म्हणजे तीन-चार वर्षांच्यांसाठी, दोन म्हणजे शाळेत जाणाऱ्यांसाठी, तीन म्हणजे ज्यांना आपण फार शूर आहोत असं वाटतं त्यांच्यासाठी. एक भोपळा मिळवणं सोपं नाही. "आर्डिस, लहान पोराला घाबरवायला हरकत नाही," ती म्हणते. "पण घाबरवायचं शेवटून दुसऱ्या पानावर. शेवटच्या पानावर ते हसलंच पाहिजे. हसण्याआधी पुस्तक मिटलं तर पाप लागेल आपल्याला."

मी म्हणायचे, "पुरे गं तुझं प्रवचन, कात्री दे."

त्या वर्षी ते पाप मी केलं.

'पलंगाखालचा झुबक्या' हे आमचं सगळ्यात लाडकं पुस्तक. एकच प्रत, आता छापतही नाहीत, आणि ऑक्टोबरात तिच्यासाठी आयांची ही रांग. पुठ्ठा सुटला होता. मी घाईघाईत डिंक फासला, दाबला आणि दिला पाठवून. कर्ट नावाच्या बापाने आपल्या चार वर्षांच्या हॅटीसाठी तो नेला.

आठवड्याने कर्ट काउंटरवर आला तो लाल होऊन. हॅटी त्याच्या पायामागे दडलेली.

"मिस डोरीन, हे एका भोपळ्याचं पुस्तक? पलंगाखालून केसाळ हात बाहेर येतो आणि पुस्तक खलास! पोरगी सात दिवस सोफ्यावर झोपतेय. खोलीत पाऊल टाकत नाही. आणि उद्या फिरायलासुद्धा जाणार नाही म्हणते!"

आमच्याकडे हॅलोवीनच्या आदल्या संध्याकाळी, तीस ऑक्टोबरला, पोरं सोंगं घेऊन दारोदार गोळ्या मागत फिरतात. ती संध्याकाळ नको म्हणणारं पोर मी जन्मात पाहिलं नव्हतं.

डोरीनने मागच्या पुठ्ठ्यावरून हात फिरवला. पुठ्ठा जाड लागत होता. शेवटचं पान त्याला चिकटून बसलेलं! डिंक माझाच. तिने माझ्याकडे पाहिलं, मग कर्टकडे वळून म्हणाली, "चूक माझी. मी तपासायला हवं होतं."

असा राग आला मला तिचा! शिव्या घातल्या असत्या तर परवडलं असतं.

ती हॅटीसमोर खाली बसली. "अगं, पुढे आहे गोष्ट. झुबक्याला थंडी वाजत असते. तो हात बाहेर काढून पांघरूण मागतो. मुलगी त्याला पांघरूण देते आणि दोघं गाढ झोपतात."

हॅटीने मान हलवली. "पुस्तकात नाहीये ते."

"होतं गं सोन्या, चिकटलंय."

"दाखव."

काय दाखवणार, कपाळ? "डिंक माझा गं," म्हणत मी तिच्यादेखत वाफ दिली, सुरी घातली, पानाच्या चिंध्या निघाल्या. आणि पुस्तकात असेल तेच खरं, हे या पोरांना शिकवलं कुणी? डोरीननेच.

संध्याकाळी डोरीनने दिवे मालवले. जाताना म्हणाली, "आर्डिस, तुझ्याकडे ते तपकिरी झिपरं जाजम आहे ना?"

"आहे. का?"

"त्याचं सोंग शिवून दे मला."

"वय काय तुझं, बाई?"

"बासष्ट. बाह्या सैल ठेव."

दुसऱ्या दिवशी सहाच्या ठोक्याला आम्ही कर्टच्या दारात. रस्ताभर पोरांचा कलकलाट, आणि त्यात ही जाजमाचा झगा घातलेली, मुखवटा नाही, चष्मा नाकावर. जरा लांब, पायऱ्यांखालीच थांबली. मी घंटी वाजवली. कर्टने दार उघडलं. त्याच्या मागून एक डोळा दिसला.

"मी पलंगाखालचा झुबक्या," डोरीन म्हणाली.

"तू मिस डोरीन आहेस," आतून आवाज आला.

"आज झुबक्या आहे."

डोळ्याने जरा विचार केला. "मग आधी विनोद सांग."

बरोबरच आहे. विनोद सांगितल्याशिवाय आमच्या गावात कुणाला काही मिळत नाही, झुबक्या असला म्हणून काय झालं!

"सांगाड्याला गुपित का सांगू नये?"

"का?"

"त्याच्या पोटात काही राहत नाही!"

कर्ट हसला. हॅटी नाही हसली, पण आख्खी बाहेर आली आणि गोळ्यांचं टोपलं पुढे केलं.

"मला गोळी नको," डोरीन म्हणाली. "पलंगाखाली फरशी फार गार आहे गं. मला पांघरूण हवंय."

हॅटी बघत राहिली. मग वळली आणि एकटीच जिना चढायला लागली. कर्ट तिच्यामागे निघाला, मी त्याचा दंडच धरला. वर दिवा लागला. मग काहीच ऐकू येईना. डोरीनचे ओठ हलत होते, देवाला हाक मारत असावी. मी तर मारतच होते.

धप, धप, धप. हॅटी खाली आली. पिवळं पांघरूण जिन्यावरून ओढत, स्वतःच्या पलंगावरचं. पायऱ्या उतरून तिने ते डोरीनच्या गळ्यात टाकलं, टाचा उंच करून नीट बसवलं.

"पलंगाखाली कुणी नाही," ती म्हणाली. "मी वाकून बघितलं."

"कसं असेल? मी इथे आहे ना," डोरीन म्हणाली. तिचा चष्मा धुरकटला होता.

हॅटी आता हसली, पोट धरून. बापाला म्हणाली, "माझे पंख आण, आपण जाऊया." आणि मग काहीतरी आठवून डोरीनकडे बोट रोखलं.

"दोन आठवड्यांत परत आणायचं. फाडायचं नाही. आणि हिला चिकटवायला द्यायचं नाही!"