वहिनींनी काही दाबलं नव्हतं

मानपाडा रोडवरच्या आमच्या बिल्डिंगमध्ये मला कॉम्प्युटरचा डॉक्टर म्हणतात. नोकरीत असताना ऑफिसात पहिला कॉम्प्युटर आला, तेव्हा त्याचं बटण मी दाबलं होतं, एवढीच काय ती माझी पदवी. पण वासरात लंगडी गाय शहाणी. कोणाचा प्रिंटर अडला, कोणी पासवर्ड विसरलं, की आमच्या दाराची बेल वाजते. फी घेत नाही. चहा घेतो आणि कौतुक घेतो. कौतुकाला कधी पुरे म्हटल्याचं मला आठवत नाही.

गेल्या महिन्यात माझाच कॉम्प्युटर रखडायला लागला. सुरू करून अंघोळ उरकून आलं तरी पडद्यावर ते चक्र फिरतंच आहे. ‘जुना झाला आता,’ असं मी सगळ्यांना सांगत होतो. रविवारी संध्याकाळी सुनेने खुर्ची ओढली आणि आत काय काय भरलंय ते उघडून पाहिलं.

“बाबा, हे कोणी टाकलंय?”

कॉम्प्युटरचा वेग वाढवतो म्हणणारे तीन प्रोग्रॅम होते आणि व्हायरस पकडणारे दोन. जाहिरात दिसली की फुकट ते पौष्टिक म्हणून मीच एकेक टाकत गेलो होतो.

“येतात गं आपोआप,” मी म्हणालो.

तिने माझ्याकडे एकदा पाहिलं. “बाबा, हे सगळे सारखे मागे चालू असतात. सगळी ताकद हेच खातात. तुमचं काम कधी करणार तो?” मग तिने ते एकेक करून काढून टाकले. कॉम्प्युटर पुन्हा सुरू केला, तर गॅसवरच्या चहाला उकळी यायच्या आत तो उघडला.

मला आनंद व्हायला हवा होता. पण झाला नाही. कारण हेच सगळे प्रोग्रॅम मी दिवाळीच्या आधी तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनींकडे टाकून आलो होतो.

वहिनी एकट्या राहतात. मुलगी कॅनडात, नात तिकडेच जन्मलेली. मोबाईलवर नातीचा चेहरा नीट दिसत नाही, म्हणून मुलीने मोठ्या स्क्रीनचा कॉम्प्युटर घेऊन दिला होता. तो जरा हळू चालतो म्हणून त्यांनी मला बोलावलं, आणि माझ्या उपचारानंतर तो पार बसला. नात बोलता बोलता मध्येच थिजायची. त्यांनी पुन्हा बोलावलं, तेव्हा मी चष्म्यावरून बघत त्यांना सुनावलं होतं, “वहिनी, कळत नसेल तर काहीबाही दाबत जाऊ नका.”

ते आठवलं आणि मेल्याहून मेल्यासारखं झालं. तसाच वर गेलो.

कॉम्प्युटरला त्यांनी जुन्या साडीचं कव्हर शिवून घातलं होतं. “मी हातच लावत नाही हो भाऊजी,” त्या म्हणाल्या. “फोनवर आवाज येतो तिचा, तेवढा पुरे.”

त्या आत अळूवड्या तळत होत्या तोवर मी सगळे प्रोग्रॅम काढून टाकले. मग वहिनींना हाक मारली आणि त्यांच्या मुलीला व्हिडिओ कॉल लावला. तिकडे सकाळ होती. पडद्यावर नात आली, स्वच्छ, न अडकता, आणि हसली. तिचे पुढचे दात पडले होते. वहिनींना ते माहीतच नव्हतं.

“थँक यू काका,” मुलगी म्हणाली. “आई तर म्हणत होती, तिच्याच हातून बिघडला.”

मी वहिनींकडे वळलो. “वहिनी, तुमच्या हातून काही झालं नव्हतं. तो मीच बिघडवला होता.”

वहिनी हसल्या. “ऐकलंस? माझी चूक स्वतःवर घेतायत. एवढं मोठं मन कोणाचं असतं?” त्यांनी वड्यांची बशी माझ्यासमोर सरकवली. लाज वाटून मला वर बघवेना.

“आई, तुझा आवाज कमी येतोय. वाढव ना जरा,” मुलगी म्हणाली.

वहिनींचा हात माऊसपर्यंत गेला आणि तिथेच थांबला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

“भाऊजी, मी दाबू का?”