मावशीच्या अंगातला गजा

"मास्तर, मी बाई हाय, पर रक्त बाप्याचं हाय!" हे सुमनमावशीचं माझ्याशी बोललेलं पहिलं वाक्य. म्हसळ्याजवळच्या एका गावातल्या शाळेत मी नुकताच रुजू झालो होतो. तोंडावर मास्क, डोक्यावर भल्यामोठ्या काठाची टोपी आणि हातात प्लास्टिकच्या पिशवीतला रिपोर्ट, अशी ही पन्नाशीची बाई शाळेच्या पडवीत उभी राहून खदाखदा हसत होती.

गोष्ट मात्र खरी होती. दीड वर्षापूर्वी तिला रक्ताचा कर्करोग झाला. धाकट्या भावाच्या, गजाननच्या मूळपेशी जुळल्या, मुंबईच्या डॉक्टरांनी त्या तिला दिल्या आणि तेव्हापासून तिचं सगळं रक्त भावाच्या पेशींतून तयार होत होतं. रक्तगटसुद्धा बदलला. मावशीने याचा पुरेपूर फायदा उठवला. नवरा आमटीवर कुरकुरला की ती म्हणायची, "मेव्हण्यासंगती बोलताय, जरा दमानं!" केर काढायची वेळ आली की, "बाप्ये कुठं केर काढत्यात?" गजानन बिचारा अबोल. श्रीवर्धनच्या रस्त्यावर सहा आसनी रिक्षा चालवायचा आणि बहिणीचे हे उद्योग ऐकून नुसता लाजायचा.

मग शिमगा आला. गावदेवीची पालखी घरोघर फिरते आणि तिला खांदा द्यायचा तो पुरुषांनीच. मावशी थेट गावकीच्या बैठकीत जाऊन बसली. "गजाचा खांदा देवीला चालतो. माझ्यात समदा गजाच हाय. मग माझा का चालू नये?"

म्हाताऱ्यांनी तिचा रिपोर्ट हातोहात फिरवला. शेवटी निकाल माझ्या गळ्यात आला, कारण इंग्रजी वाचणारा मी एकटाच. मी घसा साफ करून रिपोर्ट वाचला. रक्तपेशी शंभर टक्के भावाच्या, गुणसूत्रं पुरुषाची. मला विज्ञान शिकवायची भारी हौस. "शास्त्राप्रमाणे हरकत नाही," असं मी छाती फुगवून सांगितलं आणि बैठकीत टाळ्या पडल्या.

त्या दिवशी मावशीने टोपी काढून फेटा बांधला. "टोपी घालून देवीला खांदा देऊ व्हय?" फाल्गुनातल्या उन्हात, खालू बाजाच्या तालावर ती तीन तास पालखीबरोबर फिरली, नाचली. पोरांनी शिट्ट्या मारल्या, मीही मारली. इतकं आनंदी माणूस मी त्याआधी पाहिलं नव्हतं. फक्त रिपोर्टच्या मागे टाचलेला दुसरा कागद मी वाचला नव्हता. त्यात लिहिलं होतं, उन्हात जाऊ नये.

दहा दिवसांत तिच्या अंगावर लाल चट्टे उठले, तोंड आतून सोललं, डोळे पिवळे झाले. गजाननने तिला मुंबईला हलवलं. डॉक्टरांनी सांगितलं, दात्याच्या पेशी तिच्या शरीराला परकं समजून त्याच्यावर तुटून पडल्या आहेत. उन्हाने त्यांना चेव आणला आणि आता यकृतही त्यांच्या तावडीत आहे. जिवाला धोका आहे. गजाननच्या डोक्यात एवढंच शिरलं की आपल्या पेशी आपल्या बहिणीला खात आहेत. तो वॉर्डच्या दाराकडे पाठ करून बसू लागला. जेवण सोडलं.

तीन आठवड्यांनी मी माफी मागायला गेलो. स्टेरॉइडने मावशीचा चेहरा गरगरीत झाला होता. "बघा मास्तर, लग्नात हवं होतं ते गाल आता आलं!" मी चाचरत काहीतरी बोलू लागलो, तर ती म्हणे, "तुमी काय करणार? गजाला माझ्यात करमत न्हाय. नवीन घर, वळख न्हाय कुनाची, म्हनून मारामारी."

तेवढ्यात डॉक्टरीणबाई आल्या. यकृताचे आकडे त्या दिवशी पहिल्यांदा उतरले होते. मावशीच्या जिवाचा धोका टळतोय, हे ऐकून मी ते आकडे त्यांना पुन्हा विचारून घेतले. त्या म्हणाल्या, "या पेशी थोड्या भांडखोर असलेल्या बऱ्या. उरलासुरला कर्करोगही त्याच शोधून मारतात. आपण त्यांना फक्त आवरायचं."

"हे त्या भायेर बसल्याला सांगा," मावशी म्हणाली.

मी गजाननला हाताला धरून आत आणलं. डॉक्टरीणबाईंनी सगळं पुन्हा सांगितलं. त्याने पलंगाची कड धरली आणि "बाय गं" म्हणत तो हमसून हमसून रडू लागला. मावशीने त्याच्या डोक्यावर हात ठेवला. तिचे स्वतःचे डोळे या दुखण्याने कोरडे ठणठणीत पडले होते. दर दोन तासांनी नर्स त्यांत थेंब घालायची.

"रड रं, मोकळा रड," ती म्हणाली. "माझ्या डोळ्यांत आता पानी येत न्हाय. माझ्या वाटचं बी तूच रडून घे."

बऱ्याच वेळाने त्याने शर्टाच्या बाहीने तोंड पुसलं, तशी मावशीने त्याला टपली मारली.

"थांबलास का? तुझं झालं, माझं ऱ्हायलंय अजून!"